शंभर पुंगळ्या आणि चिमूटभर अक्षता

कुवेतमध्ये मी काय काम करतो, हे मला नाशिकला आजवर कुणाला धड सांगता आलेलं नाही. "नेमबाजीच्या क्लबात आहे," म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांत एकदम आदर येतो. मग "तिथे वापरलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या धुतो आणि वाळवतो," म्हटलं की तो आदर आल्या पावली निघून जातो. माझ्या मेहुण्याने तर तोंडावर विचारलं, "म्हणजे एवढा समुद्र ओलांडून धुणीभांडीच की!" मी म्हटलं, हो, फक्त भांडी जरा लहान आहेत.

खरं म्हणजे पितळेची पुंगळी एकदा वापरून टाकून द्यायची वस्तू नाही. गोळी निघून जाते, दारू जळून जाते, पुंगळी मागे राहते. ती नीट साफ केली की पुन्हा भरता येते. पट्टीचे नेमबाज तर आपल्याच रायफलीतून निघालेली पुंगळी परत मागतात, कारण ती त्या रायफलीच्या मापाची झालेली असते. दुसरीच्या मापाचा ब्लाउज आपल्याला कसा नीट बसत नाही, तसं, असं माझी बायको म्हणते.

पुंगळीच्या बुडाशी एक टिकली बसवलेली असते. दिवाळीत पोरं पिस्तुलात घालून फोडतात, त्याच जातीची, फक्त धातूची. घोडा पडला की टिकली फुटते आणि तिची ठिणगी एका बारीक भोकातून वर दारूपर्यंत जाते. मी जळकी टिकली काढून टाकतो, पुंगळ्या साबणाच्या पाण्यात आणि स्टीलच्या बारीक टाचण्यांत घालून यंत्राच्या पिंपात तीन तास फिरवतो, चार पाण्यांत विसळतो आणि वाळवतो. पुढचं काम, म्हणजे नवी टिकली बसवणं आणि दारू भरणं, शेजारच्या कुलूपबंद खोलीत आमचे मुदीर स्वतः करतात. मुदीर म्हणजे मॅनेजर. साठीच्या पुढचे, स्थूल, शांत कुवेती गृहस्थ. त्यांचे वडील खजुराचं गलबत घेऊन मुंबईला जायचे, त्यामुळे मुदीरांच्या घरात हिंदी आधीपासूनच होती आणि ती आमच्या दोघांच्याही उपयोगाला आली.

धुणं सोपं आहे. वाळवणं अवघड. लोकांना वाटतं, कुवेतात कसलं आलंय अवघड, उन्हात ठेवलं की झालं. ठेवून बघा. एक तर धूळ. दुपारी लख्ख ठेवलेलं पितळ चहा पिऊन येईपर्यंत पिठात घोळलेल्या बोंबलासारखं दिसतं. दुसरं म्हणजे उन्हाळा सरता सरता समुद्राकडून अशी काही दमट हवा सुटते की चष्मा पुसून पुसून जीव जातो. आणि पुंगळी वरून कोरडी दिसली तरी टिकली बसते त्या बुडाच्या खोबणीत पाण्याचा थेंब दडून बसतो. म्हणून मी शुवैखला, बेकऱ्यांना सामान पुरवणाऱ्या एका दुकानातून, फळं वाळवायची पेटी आणली. तिच्यात पुंगळ्या एक दिवस तोंड खाली करून, दुसऱ्या दिवशी तोंड वर करून ठेवायच्या, भोकं पाडलेल्या फळीत, रांगेने. दोन दिवस म्हणजे दोन दिवस. कुणी "जरा लवकर मिळतील का" म्हटलं की माझं टाळकं सरकतं. माझा हा स्वभाव क्लबात सगळ्यांना माहीत आहे आणि त्याची नक्कलही होते, हे मला माहीत आहे.

मुळात मला नोकरीवर घेतलं तेच वाळवण्यासाठी. त्याआधी मी मीना अब्दुल्ला नावाच्या गावी रिफायनरीच्या एका ठेकेदाराकडे फिटर होतो. ठेका संपला तेव्हा इथे जागा निघाली, आणि ती निघाली एका मुलीमुळे.

ती क्लबातली सगळ्यांत चांगली रायफलवाली. विशी-बाविशीची, आर्किटेक्चर शिकणारी, डोक्यावर कायम एक निळी टोपी. आदल्या वर्षी देशाच्या संघाची निवड चाचणी होती आणि ती फार छान खेळत होती. मध्येच एक काडतूस वाजलंच नाही. असं झालं की नियमाप्रमाणे रायफल तशीच रोखून अर्धा मिनिट थांबावं लागतं, कारण न जाणो, उशिरा वाजलं तर! ती थांबली. ते वाजलं नाही. पण त्या अर्ध्या मिनिटात तिच्या मनात जी धास्ती शिरली, ती शेवटपर्यंत निघाली नाही. पुढच्या प्रत्येक गोळीला ती दचकत राहिली आणि थोडक्यात राहून गेली. नंतर उघडून पाहिलं तर पुंगळी ओली राहिलेली. म्हणून मुदीरांनी या कामाला वेगळा माणूस ठेवला, तो मी.

मी आलो त्या वर्षीची चाचणी तिच्यासाठी शेवटची होती. रायफलीपायी कॉलेज मागे पडत चाललं होतं, आणि या वेळी निवड झाली नाही तर रायफल कायमची ठेवून देईन, असा शब्द तिने घरी दिला होता. हे तिने मला स्वतः सांगितलं, सोप्या इंग्रजीत, पहिल्याच आठवड्यात, माझ्या वाळवण्याच्या पेटीशेजारी उभी राहून. मला ती अम्मो म्हणायची, म्हणजे काका. "अम्मो, तेवढ्या कोरड्या मिळू देत," एवढंच म्हणाली. तेव्हापासून तिच्या शंभर पुंगळ्यांना मी घरच्या चांदीच्या भांड्यांसारखं जपायला लागलो.

आणि एवढं जपून मी जे करून बसलो, ते करायला माणूस आपल्याकडचाच असावा लागतो.

चाचणी शनिवारी होती. तिच्या पुंगळ्या सोमवारी धुऊन पेटीत गेल्या होत्या. बुधवारी खंडेनवमी आली. मीना अब्दुल्लाला आम्ही चार मराठी आणि दोन केरळी मिळून लेथला हळदकुंकू लावायचो. फोरमन त्या वेळी बरोबर चहाला जायचा आणि आम्ही कापूर न लावता, आवाज न करता दोन मिनिटांत उरकायचो. ज्या हत्यारावर पोट भरतं त्याला वर्षातून एकदा नमस्कार केला नाही, तर मला दिवसभर चप्पल न घालता हिंडल्यासारखं वाटतं. तर बुधवारी सकाळी मी बायकोकडून एका डबीत हळदकुंकू आणि अक्षता घेतल्या, क्लबात कुणी यायच्या आत यंत्राच्या पिंपाला बोट लावलं, वाळवण्याच्या पेटीला बोट लावलं. मग पेटीचं दार उघडलं, फळी बाहेर ओढली. तिच्या शंभर पुंगळ्या रांगेत उभ्या, लखलखीत. मला इतकं भरून आलं की हात जोडले, म्हटलं, पोरीला दगा देऊ नका. आणि चिमूटभर अक्षता टाकल्या. ठेवल्या असत्या तरी चाललं असतं. पण नाशिकच्या लग्नांत मागच्या रांगेतून नवरा-नवरीवर अक्षता टाकायची सवय हाताला, तेव्हा जरा लांबून, जरा उंचावरून, झोकात टाकल्या.

पुंगळ्या त्या दिवशी तोंड वर करून उभ्या होत्या, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

फळीवर पडलेल्या चारदोन अक्षता मी बोटाने टिपल्या, दुपारी पुंगळ्या डब्यात भरून मुदीरांच्या खोलीत पोचवल्या आणि समाधानाने डबा खाल्ला. गुरुवारी सकाळी मुदीरांनी त्या भरल्याही. गुरुवारी दुपारी मी पेटी पुसायला घेतली. खालच्या जाळीवर कुंकू लागलेले दोन तांदूळ पडलेले होते. फळीच्या भोकांतून खाली पडले असणार, असं म्हणून मी ते उचलले. मग माझा हात थांबला. फळीतल्या प्रत्येक भोकात एकेक पुंगळी होती, भोकात घट्ट बसलेली. हे दोन तांदूळ फटीतून कसेबसे खाली गेले असतील, तर बाकीच्यांना जायला सगळ्यांत सोपी जागा कुठली होती?

मी स्टुलावर बसलो. बायको इथल्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. तिला फोन लावला आणि घडलं ते सांगितलं.

"किती टाकल्या होत्या?" तिने विचारलं.

"अगं, चिमूटभर. अक्षता काय मोजून टाकतात?"

"आम्ही पोट शिवायच्या आधी बोळेसुद्धा मोजतो," ती म्हणाली. "आणि तुम्ही तांदूळ न मोजता पोटात टाकलेत."

"तुमच्याकडे एक्स-रे काढता येईल का? काडतुसांचा?"

मग ती म्हणाली, "अहो, भरलेली काडतुसं घेऊन हॉस्पिटलच्या दारातून आत या. तुमचा एक्स-रे काढतील, आणि मग आपल्या दोघांना पहिल्या विमानात बसवतील. जा आणि मुदीरांना सांगा. आत्ता. उद्यावर टाकू नका."

तिचं म्हणणं बरोबर होतं आणि मला तेच नको होतं. सांगायचं काय? की तुमच्या कुलूपबंद क्लबात, तुम्हाला न विचारता, मी पूजा केली? असं काही ऐकून मुदीर काय म्हणतील याचा मला अंदाज नव्हता. नोकरी जाईल, अकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, तोही तिच्याबरोबर जाईल, हे सगळं डोळ्यांपुढे नाचून गेलं. एकदा मनात असंही आलं, की तांदूळ आत असतील कशावरून? नसतीलही. गप्प बसावं. मग ती पोरगी रायफल रोखून अर्धा मिनिट थांबलेली दिसली, आणि मला स्वतःचीच लाज वाटली. उठलो.

मुदीर खैरानला निघायच्या तयारीत होते. तिथे समुद्रावर त्यांचं शॅले, म्हणजे सुट्टीतलं घर आहे, आणि शुक्रवारी-शनिवारी सगळी नातवंडं तिथे जमतात. मासे धरायच्या काठ्या गाडीत भरून झाल्या होत्या.

"सर, चावल," मी म्हणालो.

"खाना नहीं खाया?" त्यांनी काळजीने विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. हळद, कुंकू, नमस्कार, तांदूळ, काही लपवलं नाही. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा दगडासारखा होता. माझं संपल्यावर त्यांनी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.

"शुफ," ते म्हणाले, म्हणजे हे बघ. "पूजा तेरी और तेरे रब की बात. उसमें मैं नहीं बोलता. लेकिन चावल मेरी बात." मग विचारलं, "कितना दाना?"

"एक चिमटी, सर."

त्यांनी आपल्या जाडजूड बोटांची चिमूट करून दाखवली. मी घाईघाईने माझी दाखवली, बरीच बारीक. त्यांनी दोन्ही चिमट्यांकडे पाहिलं आणि पहिल्यांदा त्यांच्या मिशीचं टोक हललं. "कल सुबह आठ बजे," ते म्हणाले. "तीनों." तिसरी कोण, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. काडतुसं तिची होती, तिला सांगणं भागच होतं.

शुक्रवारी सकाळी ती आली. निळी टोपी हातात. मी तिच्याकडे बघायचंच टाळत होतो. मुदीरांनी अरबीत तिला थोडक्यात सांगितलं. ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. शंभरच्या शंभर काडतुसं उघडायची होती. हातोडीसारखं एक अवजार असतं, त्यात काडतूस अडकवून ठोकळ्यावर आपटलं की गोळी आणि दारू सुटी होते. ते मुदीर करत होते. मग रिकामी पुंगळी माझ्याकडे यायची, मी आत बॅटरीचा झोत टाकून बघायचो आणि तिच्याकडे द्यायचो, ती पुन्हा बघायची. पहिल्या काही पुंगळ्यांमध्ये काहीच निघालं नाही आणि मला वाटू लागलं की मी उगाचच रान पेटवलं. मुदीरांचा फोन दर अर्ध्या तासाने वाजत होता. नातू विचारत होता, जिद्दो, कधी येणार? जिद्दो म्हणजे आजोबा. "चावल साफ कर रहा हूँ," असं ते माझ्याकडे बघत हिंदीत म्हणायचे आणि मग अरबीत त्याला समजावायचे.

तिसाव्या-पस्तिसाव्या पुंगळीतून पहिला तांदूळ टपकन टेबलावर पडला. कुंकवाने लालचुटूक. मुदीरांनी तो टिश्यूवर ठेवला आणि "अहलन व सहलन," म्हणून पाहुण्यासारखं त्याचं स्वागत केलं. मी सोडून दोघंही हसले.

दुसरा मात्र हसण्यासारखा नव्हता. मी झोत टाकला तेव्हा आत काही सुटं दिसलं नाही, पण बुडाचं भोकही दिसलं नाही. नीट पाहिलं तर तांदळाचा दाणा भोकात खुंटीसारखा उभा अडकलेला. आमचा कोलम बारीक, बरोबर मापाचा. बासमती असता तर निदान आडवा तरी राहिला असता. मी पुंगळी तिच्याकडे दिली. तिने आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ही उद्या वाजली नसती," ती हळूच म्हणाली.

"वाजली असती किंवा नसती," मुदीर म्हणाले.

मी म्हटलं, "बेटा, मला माफ कर." इंग्रजीत आणखी काही म्हणायला गेलो, ते वाक्य अर्ध्यातच बसलं.

तिने पुंगळी खाली ठेवली. "अम्मो, हे तांदूळ टाकून तुम्ही काय मागता?"

"काही मागत नाही. ज्या हत्यारावर आपलं चालतं, त्याला वर्षातून एकदा नमस्कार करतो. वर्षभर दगा देऊ नकोस म्हणतो."

मग तिचे खांदे हलायला लागले आणि ती अशी खदखदून हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "पण दगा तर तुम्हीच आत घातलात!" ती म्हणाली, आणि ते मुदीरांना अरबीत सांगताना पुन्हा हसली. मुदीरांनी तर अवजार बाजूला ठेवून पोट धरलं. शेवटी मीही हसलो. गुरुवार दुपारपासून पहिल्यांदा मला श्वास पूर्ण घेता आला.

शंभरांत तीन निघाले. दुपारच्या नमाजानंतर मुदीरांनी सगळी काडतुसं पुन्हा भरायला घेतली. ती संपली तेव्हा ऊन उतरलं होतं. खैरानला ते शेवटी गेलेच नाहीत. मी पुन्हा माफी मागायला गेलो तर म्हणाले, "अगले साल पूजा कर. पहले ढक्कन लगा."

शनिवारी मी रेंजवर जाऊन बसलो नाही. माझ्याच्याने बघवलं नसतं. मागच्या भिंतीआड, पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभा राहिलो. तिथून सगळ्या रायफलींचे आवाज येतात, पण तिच्या रायफलीचा आवाज मला ओळखता येतो, जरा जड, कपड्यांच्या गाठोड्यावर काठी हाणल्यासारखा. साठ गोळ्या होत्या. मी बोटांच्या पेरांवर मोजत होतो. एक्केचाळीस. मग काही नाही. मी वाट बघितली. काही नाही. बाकीच्या रायफली वाजत होत्या, तिची नाही. अर्धा मिनिट झाला असेल, जास्तही झाला असेल. मी टाकीला धरून उभा राहिलो आणि शंभरांतल्या एकेका पुंगळीचं बूड आठवायला लागलो, कुठली नीट पाहिली नव्हती, कुठल्या वेळी माझं लक्ष फोनकडे होतं. मग बेचाळीस वाजली. मागून कळलं, तिने पाणी प्यायला रायफल खाली ठेवली होती. पाणी! माझ्या आयुष्यात कुणी पाणी प्यायलेलं मला इतकं महागात पडलेलं नाही.

साठावी वाजली तेव्हा मी आत जाऊन माझ्या खोलीत बसलो आणि उगाच कोरडी पेटी पुसत राहिलो. सगळ्या वाजल्या, एवढं माझं काम झालं होतं. पुढे किती लागल्या आणि कशा लागल्या, ते विचारायला पाय उचलेना. तासाभराने दार ढकलून ती आली. टोपी डोळ्यांवर ओढलेली, चेहरा घामाने आणि धुळीने माखलेला, त्यावरून काही कळत नव्हतं. तिने प्लास्टिकचा डबा माझ्यापुढे ठेवला. आत साठ रिकाम्या पुंगळ्या, काळ्या तोंडाच्या.

"किती दिवस लागतील?" तिने विचारलं.

"धुऊन, वाळवून, मंगळवार."

"सोमवारी नाही मिळणार? मंगळवारी सकाळी संघाचं शिबिर सुरू होतंय. निवडलेल्या सगळ्यांना बोलावलंय."

मी तिच्याकडे पाहिलं. तिला हसू आवरत नव्हतं.

"मंगळवार म्हणजे मंगळवार," मी म्हणालो. "एक तास आधी मिळणार नाहीत." आवाज मुद्दाम कडक ठेवला, नाहीतर मी तिच्यासमोरच रडलो असतो.